जमाव आधी की शाई आधी? (नॉर्मन कोह्न वाचताना)

पिंपळपार

नॉर्मन कोह्न (१९१५-२००७) या ब्रिटिश इतिहासकाराची पुस्तकं सध्या आलटूनपालटून वाचतोय. मराठीत त्याच्याबद्दल फारसं वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

माणूस मुळात इतिहासाचा नव्हे, फ्रेंच भाषेचा अभ्यासक. वडील ज्यू, आई कॅथलिक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात होता आणि युद्ध संपल्यावर व्हिएन्नात. तिथे पकडलेले हिटलरच्या एसएस दलातले लोक भेटले, तसेच स्टालिनच्या राज्यातून जीव मुठीत धरून पळालेलेही. जग एकदाचं शुद्ध व्हायचं तर अमुक लोक शिल्लकच राहता कामा नयेत, ही खात्री माणसाच्या डोक्यात येते कुठून? हा प्रश्न तिथे लागला तो त्याला जन्मभर पुरला.

'द परस्यूट ऑफ द मिलेनियम' (१९५७) मध्ये मध्ययुगीन युरोपातल्या 'आता कयामत, मग हजार वर्षं देवाचं राज्य' वाल्या चळवळी आहेत. 'वॉरंट फॉर जेनोसाइड' (१९६७) मध्ये 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' या ज्यूद्वेष्ट्या बनावट दस्तऐवजाची जन्मकथा. 'युरोप्स इनर डीमन्स' (१९७५) मध्ये चेटकिणींचा छळ.

आता माझी अडचण. पहिल्या पुस्तकात खलनायक म्हणून उभे राहतात ते गावातून उखडलेले, शहरात धड न रुजलेले गरीब. विणकर, रोजंदार, भिकारी, आणि त्यांच्या पुढे एखादा मठातून बाहेर पडलेला स्वयंघोषित प्रेषित. तिसऱ्या पुस्तकात मात्र अडाणी गावकरी दुय्यम आहेत. गावकऱ्याची तक्रार एवढीच, की अमकीने माझी गाय आटवली. त्यातून सैतानाची सभा, आकाशातून उडणं, गुप्त कट हे सगळं उभं करतात ते धर्मपंडित आणि न्यायाधीश. मग खरं काय? उपाशी जमाव छळ करतो आणि पंडित त्याला मागून तत्त्वज्ञान पुरवतात? की आरोपपत्र आधी लिहिलं जातं आणि जमाव नंतर गोळा होतो?

माझा कल दुसऱ्याकडे आहे. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ

पहिला! जग बुडणार असेल तर गृहकर्जाचा हप्ता भरावा का, यावर कोह्नसाहेबांचं मत काय?

माजघर

धागा आवडला, वाचनखूण साठवली. तिसऱ्या पुस्तकाचा गाभा मूळ पोस्टमध्ये राहून गेलाय, तो टाकते.

कोह्न दाखवतो की आरोप पहिल्यापासून एकच आहे. काही लोक रात्री गुपचूप जमतात, दिवे मालवतात, मग आई-बहीण न बघता व्यभिचार करतात, लहान मूल मारतात आणि खातात. हे आधी कोणाबद्दल बोललं गेलं? ख्रिश्चनांबद्दल! दुसऱ्या शतकातल्या रोमन साम्राज्यात. इ.स. १७७ मध्ये लियाँला ख्रिश्चनांचे हाल करून मारलं, तेव्हा नरमांसभक्षण आणि व्यभिचार हेच आरोप होते. पुढे ख्रिश्चन सत्तेवर आले. १०२२ मध्ये ऑर्लेआँला पाखंडी म्हणून काहींना जाळलं, त्यांच्याबद्दलही तीच कथा लिहून ठेवलेली आहे, मारलेल्या मुलाच्या राखेसकट. या ऑर्लेआँवाल्यांत चांगले शिकलेले चर्चचे धर्मगुरू होते, हे विशेष. मग वाल्डेन्सियन (पाखंडी ठरवलेला एक ख्रिश्चन पंथ), मग चेटकिणी. ज्यूंवर मूल मारल्याचा आळ वेगळ्या वाटेने आला (इंग्लंडमधलं नॉर्विच, ११४४), पण मूल आहेच.

तिरकी_रेघ

म्हणजे व्हॉट्सॲप यायच्या अठराशे वर्षं आधीचं 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'.

आगाशी

पिंपळपार, विषय छान काढलात. आमच्या पिढीने एक कयामत पाहिलेली आहे. फेब्रुवारी १९६२, अष्टग्रही! मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ, होमहवन, अखंड नामजप. मी शाळकरी होतो. आमच्या वाड्यात एकांनी उधारी फेडून टाकली आणि ग्रह पांगल्यावर त्याचा त्यांना फार पस्तावा झाला. पुढे १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून पुन्हा तेच. पण दोन्ही वेळा 'तुमच्यामुळे जग बुडतंय' म्हणून कोणाचं घर जाळल्याचं मला आठवत नाही. युरोपात जग बुडायची भीती आली की कत्तल, आणि आपल्याकडे दानधर्म. हे कसं?

तिरकी_रेघ

काका, आपल्याला छळ करायला जग बुडायची वाट बघावी लागत नाही. जात बारमाही आहे.

पिंपळपार

तिरकी_रेघ यांचं म्हणणं बोचरं आहे, पण खोटं नाही.

आगाशीकाका, अष्टग्रहीत शत्रू नव्हता. ग्रहांना कोण मारणार? कोह्नच्या कथेत जग आपोआप संपत नाही. आधी ख्रिस्तविरोधी अवतरतो, त्याची फौज असते, आणि ती फौज आपल्याच गावात वेशीपाशी राहते असं कोणीतरी सांगतं. शिवाय कलियुग मोजायचं ४,३२,००० वर्षांत, त्यामुळे आपल्याकडे घाई कमी. तिकडे फिओरेचा योआकिम या बाराव्या शतकातल्या इटालियन साधूच्या गणितावरून लोकांनी १२६० हे साल धरून ठेवलं होतं. त्याच वर्षी पेरुजातून स्वतःला चाबकाने फोडून घेणाऱ्यांच्या मिरवणुका निघाल्या.

उत्तररात्र

मी जर्मनीत राहते, म्युन्स्टरला जाणंयेणं असतं, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवेना. कोह्नच्या पहिल्या पुस्तकाचा शेवट याच शहरात होतो.

१५३४ च्या फेब्रुवारीत ॲनाबाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी नगरपरिषद ताब्यात घेतली. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारे ते हे लोक. जे घेणार नाहीत त्यांना ऐन थंडीत वेशीबाहेर हाकललं. नेता यान मॅथिस, हार्लेमचा बेकरीवाला. त्याने पैसा बंद केला, बायबल सोडून बाकी पुस्तकं जाळली आणि ईस्टरला जग संपणार म्हणून जाहीर केलं. ईस्टर आला तेव्हा मूठभर माणसं घेऊन वेढा घातलेल्या बिशपच्या फौजेवर चालून गेला आणि मारला गेला. त्याच्यामागून आला यान फान लायडन, पोरगेलासा शिंपी. त्याने एकापेक्षा जास्त बायका करायचा हुकूम काढला, स्वतःला राजा म्हणवून घेतलं, सोन्याची साखळी घातली. एका बायकोने तोंड वर करून विरोध केला तर भर चौकात तिचा शिरच्छेद केला. बाहेर वेढा, आत उपासमार. जून १५३५ मध्ये शहर पडलं. जानेवारी १५३६ मध्ये त्याला आणि आणखी दोघांना तापलेल्या सांडशीने हाल करून मारलं आणि प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली.

पिंजरे अजून आहेत. रिकामे, पण आहेत. खाली डिसेंबरात नाताळचा बाजार भरतो, लोक गरम वाइन पितात, आणि पाहुण्यांना 'ते बघ' म्हणून वर दाखवतात. मला दर वेळी वाटतं, बिशपने मनोऱ्यावर जाहिरातच लावली की हो.

एक गोष्ट विसरू नये. हे सगळं व्हायच्या आधीच, १५२९ मध्ये, ॲनाबाप्टिस्टांना देहदंड द्यावा असा साम्राज्याचा हुकूम निघालेला होता. म्हणजे आधी यांना मारायचा कागद निघाला आणि मग हे वेडे झाले. त्यांच्यातलेच पुढचे मेनोनाइट तर शस्त्र हातात धरायलाही तयार नव्हते.

चहाटळ

शिंप्याला राजा केलं की कपडे वेळेवर मिळायचे का?

न_कर्ता

कोह्नची आरती चालू आहे म्हणून थोडा अपशकुन करतो.

पहिल्या पुस्तकातला 'उखडलेले गरीब' हा सिद्धांत इतिहासकारांनी केव्हाच झोडपला आहे. योआकिम हा मठाधिपती. पोपने त्याला लिहायला उत्तेजन दिलं आणि तिसऱ्या धर्मयुद्धाला निघालेला इंग्लंडचा रिचर्ड राजा मेस्सिनात त्याचं प्रवचन ऐकायला बसला. जर्मन शेतकऱ्यांच्या बंडात पुढे असलेला थॉमस म्युन्त्सर विद्यापीठात शिकलेला पाद्री. म्युन्स्टरमध्येही क्निपरडॉलिंग हा श्रीमंत कापडव्यापारी, आणि ज्याने आधी प्रवचनं देऊन रान पेटवलं तो रोटमान धर्मोपदेशक. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या ज्यूंची कत्तल करणाऱ्या टोळीचा म्होरक्या एमिको, तो तर उमराव! भिकारी कुठे आहेत यात? मागे चालणाऱ्यांत असतील.

'मुक्त आत्मा' म्हणून जो अनाचारी पंथ कोह्नने रंगवला, त्याचं रॉबर्ट लर्नर याने १९७२ मध्ये पार सालपट काढलं. स्वैराचाराचे बहुतेक पुरावे विरोधकांचे आणि चौकशीत कबूल करून घेतलेले. मार्गरीट पोरेटला १३१० मध्ये पॅरिसमध्ये जाळलं ते पुस्तक लिहिलं म्हणून, नंगानाच केला म्हणून नव्हे. गंमत बघा, 'गुप्त व्यभिचारी मंडळ' या आरोपावर विश्वास ठेवू नका, असं १९७५ मध्ये सांगणारा कोह्न १९५७ मध्ये स्वतःच त्याच जातीच्या आरोपावर बराच विसंबून होता.

आणि योआकिमपासून हिटलर-स्टालिनपर्यंत सरळ रेघ ओढायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

पिंपळपार

न_कर्ता, रेघेबद्दल सहमत. ती रेघ पुसट आहे. पण तुमच्या बाकी मुद्द्यांनी माझंच पारडं जड होतंय, म्हणून आभार!

माझा आवडता पुरावा स्ट्रासबुर्गचा. १३४८ च्या सप्टेंबरात सॅव्हॉयमध्ये, जिनिव्हा सरोवराकाठच्या शियाँच्या किल्ल्यात ज्यूंना यातना देऊन 'आम्ही विहिरींत विष घातलं' असं वदवून घेतलं. त्या जबान्यांच्या नकला निघाल्या आणि स्ट्रासबुर्गला पोचल्या. १४ फेब्रुवारी १३४९ ला तिथल्या ज्यूंना जाळलं, तोवर शहरात प्लेग आलेलाही नव्हता! रोगाच्या आधी कागद पोचला. नगरपरिषदेतल्या काही प्रमुखांचा कत्तलीला विरोध होता. कारागिरांच्या संघांनी त्यांनाच खाली खेचलं. नंतर ज्यूंची देणी माफ झाली आणि त्यांची रोकड वाटून घेतली गेली.

पोप सहावा क्लेमेंट त्याच सुमारास फर्मान काढून सांगत होता की बाबांनो, प्लेगने ज्यूही मरताहेत, मग ते विष कशाला घालतील? इतकं साधं तर्कशास्त्र. कोणी ऐकलं नाही.

आगाशी

देणी माफ झाली, हे वाक्य दोनदा वाचलं.

माजघर

न_कर्ता, लर्नरचा मुद्दा रास्त आहे, पण कोह्नला एक श्रेय द्या. तिसऱ्या पुस्तकात त्याने कागदांची जी उलटतपासणी केली आहे ती एखाद्या रहस्यकथेसारखी वाचली मी.

चौदाव्या शतकात तुलूझ आणि कार्कासॉनला शेकडो चेटकिणी जाळल्या, असं शंभरेक वर्षं सगळे इतिहासकार लिहीत होते. मोठमोठे जर्मन पंडितसुद्धा. सगळ्यांचं मूळ एकच, लामोत-लांगाँ नावाच्या फ्रेंच लेखकाचं १८२९ चं पुस्तक. हा गृहस्थ पोटासाठी भुताखेतांच्या कादंबऱ्या आणि थोरामोठ्यांच्या नावाने खोट्या आठवणी लिहायचा. कोह्नने दाखवून दिलं की ते खटलेच त्याने रचलेले होते. अमेरिकेत रिचर्ड कीकहेफर त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला. इतिहासाचं एक अख्खं प्रकरण गळून पडलं!

दुसरी शिकार मार्गारेट मरे. या बाई इजिप्तच्या अभ्यासक, जन्म कलकत्त्याचा. चेटकिणी म्हणजे जुन्या निसर्गधर्माच्या अनुयायी, त्यांच्या सभा खरोखर भरत, असा त्यांचा सिद्धांत. कोह्नने त्यांची अवतरणं मूळ जबान्यांशी ताडून पाहिली. बाईंनी जिथे टिंबं दिली होती तिथे मूळात उडणं, सैतानाचं रूप पालटणं, असला अशक्य मजकूर होता. तो गाळल्यावर उरलेलं अगदी विश्वसनीय दिसायचं.

तिरकी_रेघ

टिंबं... फार... धोकादायक... असतात...

साळुंकी

पणजीतून नमस्कार. शाईचा विषय आहे तर गोव्याला कसं टाळणार?

गार्सिया द ऑर्ता हे नाव इथे अनेकांना माहीत असेल. पोर्तुगीज वैद्य, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. घराणं ज्यू, सक्तीने ख्रिश्चन झालेलं. गोव्यात इन्क्विझिशन (पाखंडी शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) सुरू झालं १५६० मध्ये. ऑर्ता १५६८ मध्ये वारला, जिवंतपणी सुटला. लगेच त्याची बहीण कातारिना हिला पकडलं आणि १५६९ मध्ये जाळलं. आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडं उकरून काढून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी! हा संतापलेला जमाव नव्हता. कचेरी होती, कारकून होते, फाईल उघडी होती, ती बंद करायची होती.

पुढे नजर वळली इथल्या बाटलेल्या लोकांवर. १७३६ चा हुकूम अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात (१९६१) वाचायला मिळतो. अंगणात तुळस लावायची नाही, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही. छळाची शाई स्वयंपाकघरात किती आत जाते बघा.

चहाटळ

आमच्या मेसच्या काकू या हिशोबाने रोज दोन वेळा सुळावर. भातात काय, कशातच मीठ नसतं.

उत्तररात्र

साळुंकी, तुळशीचं वाचून अंगावर काटा आला. पण एक प्रश्न. कोकणातले बेने इस्रायली ज्यू, आपले शनवार तेली, शतकानुशतकं तेल गाळत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवत राहिले. त्यांच्यावर मूल मारल्याचा किंवा विहिरीत विष टाकल्याचा आळ कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही. लोक इथलेही गरीब, अडाणी, अफवांवर विश्वास ठेवणारेच होते. मग इथे का नाही?

साळुंकी

कारण त्यांच्याबद्दलची ती गोष्ट इथे कोणी लिहूनच ठेवली नव्हती. ती गोव्याला जहाजातून आली. तेलाचा घाणा फिरवणारा शेजारी आहे, जातीच्या उतरंडीत त्याची एक जागा आहे, संपलं. (त्या उतरंडीबद्दल तिरकी_रेघ वर बोललेच आहेत.)

खानदेशी_भरीत

सगळं वाचून काढलं. मी धुळे जिल्ह्यातला. तुम्ही सगळे शाई शाई करताय म्हणून मला राईनपाड्याबद्दल बोलायचंय.

१ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आमच्याकडच्या प्रत्येक फोनवर आधीपासून फिरत होते. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. आता सांगा, इथे कुठला पंडित? कुठला न्यायाधीश? कुठली कचेरी? ज्यांनी मारलं ते स्वतः गरीब, बरेचसे आदिवासी, पोरं जपणारे लोक. मेले ते त्यांच्याहून गरीब. माजघरताईंनी वर ती मूल मारण्याची गोष्ट लिहिलीय, ती वाचल्यावर मला पहिला हाच बाजार आठवला.

माजघर

दादा, तुमच्या पोस्टवर काय लिहावं कळत नाही. मूल हाच धागा आहे, बरोबर.

तिरकी_रेघ

खानदेशी, शाई इथेही आहे, जुनी आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानेच गुन्हेगार म्हणून अख्ख्या जमाती सरकारी यादीत लिहिल्या, हजेऱ्या लावल्या. १९५२ मध्ये यादीतून काढल्या. पण पाल ठोकून राहणारा माणूस दिसला की पोलीस पाटलाला कळवायचं, ही सवय कागदाबरोबर रद्द झाली नाही. आणि संशय यादीतल्या जमातींपुरता राहत नाही, भटका दिसेल त्याच्यावर जातो.

न_कर्ता

हे जरा ओढून ताणून होतंय. प्रत्येक अफवेमागे दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा शोधायचा म्हटलं तर काहीही सिद्ध करता येईल.

संपादक

सदस्यांना विनंती: राईनपाड्याच्या निमित्ताने सध्याच्या पक्षीय राजकारणावर आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. विषय चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

चहाटळ

माझा उडालेला नाही, याचा अर्थ मी गंभीर सदस्य आहे.

आगाशी

अफवेवरून आठवलं. माझ्या आजीच्या तोंडी 'मोमियाई' असायचं. साहेब पोरं पळवतो, उलटं टांगून खाली जाळ करतो आणि डोक्यातून गळणारं तेल औषधाला वापरतो, अशी ती समजूत. मुंबईत प्लेग आला तेव्हा इस्पितळात याचसाठी नेतात असं लोक बोलायचे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला होता.

म्हणजे तीच गोष्ट, मूल आणि त्याच्या अंगातून काढलेलं काहीतरी. फक्त आरोपी साहेब! पण साहेबाचा छळ झाला का? राज्य त्याचं होतं. एक-दोन दंगे झाले, मिटलं. मला वाटतं, गोष्ट कोणाबद्दलही उठू शकते. ज्याच्यावर उठली त्याच्यामागे कोण उभं आहे, यावर पुढचं ठरतं. डवरी गोसाव्यांच्या मागे कोणी नव्हतं.

खानदेशी_भरीत

काका, +१००.

डॉ_काढा

मनोविकारतज्ज्ञ म्हणून दोन शब्द. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी कोह्न मनोविश्लेषणात शिरतो. ख्रिस्ती धर्माच्या कडक शिस्तीबद्दलची दबलेली चीड लोकांनी काल्पनिक चेटकिणींवर लादली वगैरे. ती पानं वाचली नाहीत तरी चालेल. एका माणसाच्या सुप्त मनाबद्दल ठामपणे बोलताना आम्ही चाचरतो, हा अख्ख्या खंडाला कोचावर झोपवतो.

त्यापेक्षा बाम्बेर्गच्या योहानेस युनियुसचं पत्र वाचा. शहराचा बर्गोमास्टर, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष. १६२८ मध्ये चेटुकाच्या आरोपावरून पकडला. अंगठे चिरडलेल्या हातांनी त्याने मुलगी व्हेरोनिकाला चोरून पत्र लिहिलं. त्यात आहे की हाल करणाऱ्या जल्लादानेच त्याची विनवणी केली, देवासाठी काहीतरी रचून सांगा, हे हाल तुम्हाला सोसवणार नाहीत. त्याने रचलं. मग विचारलं, सभेत आणखी कोण होतं? तो म्हणाला, ओळखलं नाही. तेव्हा त्याला एकेका गल्लीचं नाव घ्यायला लावलं, या गल्लीत कोण, त्या गल्लीत कोण. अशी नावं मिळाली.

यात कुठे वेडसरपणा आहे? प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, प्रत्येक कैद्यामागे नवी यादी. ज्याच्या हातात हे प्रश्न होते त्याला रात्री गाढ झोप लागत असणार.

पिंपळपार

डॉक्टर, 'प्रोटोकॉल्स'चंही असंच. मोरीस जोलीने १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर टीका म्हणून एक काल्पनिक संवाद लिहिला, त्यात ज्यूंचं नावही नाही. तो चोरून, पात्रं बदलून १९०३ मध्ये रशियात छापला. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून चोरी उघड केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच 'टाइम्स'ने हे खरं तर नसेल ना, अशी शंका काढली होती! हेन्री फोर्डने आपल्या वर्तमानपत्रातून ते अमेरिकेत घरोघरी पोचवलं, १९२७ मध्ये माफी मागितली. काही फरक पडला नाही. हे वाचणारे, छापणारे सगळे सुशिक्षित.

बावनखणी

उशिरा आलो. कोह्नचं म्हातारपणीचं एक पुस्तक राहिलंय, 'कॉसमॉस, केऑस अँड द वर्ल्ड टु कम' (१९९३). त्यात तो म्हणतो की जग चक्रासारखं फिरत राहत नाही, एकदाच निर्णायक लढाई होऊन दुष्टावा कायमचा संपेल, ही कल्पना पहिल्यांदा जरथुष्ट्राने मांडली आणि ज्यू-ख्रिश्चनांकडे ती तिथून गेली. जरथुष्ट्राचा काळच वादग्रस्त असल्याने सगळे हे मानत नाहीत.

दादरच्या पारशी कॉलनीतल्या माझ्या मित्राला सांगितलं तर म्हणाला, "साला, आता म्युन्स्टरचं बिल पण आमच्या नावावर?" मग त्यानेच सांगितलं की त्यांच्या ग्रंथांत शेवटी वितळलेल्या धातूची नदी वाहते, सगळ्यांना त्यातून जावं लागतं. सज्जनाला ती कोमट दुधासारखी लागते, पाप्याला भाजते, पण भाजून तोही शुद्ध होऊन बाहेर येतो. कायमचा कोणी जळत राहत नाही. ही शेवटची अट युरोपला पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळाली असावी.

वाचनमात्र

इथे नेहमी नुसताच वाचतो, पण मूळ प्रश्न मागे पडतोय म्हणून लिहितो.

स्पेनच्या बास्क भागात १६१० मध्ये लोग्रोन्योला इन्क्विझिशनने चेटुकाच्या आरोपावरून काही जणांना जाळलं. तीन न्यायाधीशांपैकी एकाला, आलोन्सो द सालाझार फ्रीआस याला, पुरावा पटेना. १६११ मध्ये तो त्या डोंगराळ गावांत हिंडला. सुमारे १,८०० लोकांनी त्याच्यापुढे कबुली दिली, त्यात बहुसंख्य मुलं! त्याने काय केलं? चेटकिणींचे म्हणून दिलेले लेप जनावरांवर लावून पाहिले, काही झालं नाही. सभेची जागा वेगवेगळ्यांना वेगवेगळी दाखवायला लावली, मेळ बसेना. शेवटी वरिष्ठांना कळवलं की चर्चा आणि लिखाण सुरू होईपर्यंत इथे ना चेटकिणी होत्या ना चेटूक झालेले. १६१४ मध्ये माद्रिदहून नवे नियम आले आणि स्पॅनिश इन्क्विझिशनने चेटकिणी जाळणं जवळपास थांबवलं.

बाम्बेर्गमध्ये नेमकं उलट. तिथे राज्यकर्ता आणि बिशप एकच माणूस, आणि सम्राटाचं न्यायालय वेळेवर हात घालायला फार लांब. त्यामुळे मला पिंपळपार यांची मांडणी अर्धीच पटते. शाई दोन्हीकडे होती. फरक हा की माद्रिदमध्ये स्थानिक कागद तपासणारा दुसरा माणूस होता. १०९६ मध्येही श्पायरच्या बिशपने हल्लेखोरांना शिक्षा करून बहुतेक ज्यू वाचवले. वर्म्स आणि माइन्झच्या बिशपांच्या वाड्यांत आसरा घेतलेले मात्र मारले गेले, कारण दारं टिकली नाहीत.

न_कर्ता

या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद. नेहमी लिहीत जा.

साळुंकी

छान, पण सालाझारला हार घालण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या की हेच स्पॅनिश इन्क्विझिशन त्याच काळात ज्यू वंशाच्या ख्रिश्चनांना जाळतच होतं. चेटकिणीला लेप तपासून सोडणारं तुमचं माद्रिद, शनिवारी धुतलेला सदरा घातला म्हणून दुसऱ्याला पकडत होतं. तपासणारा वर होता, पण त्याने काय तपासायचं नाही तेही ठरलेलं होतं. म्हाताऱ्या मेंढपाळणीची मालमत्ता जप्त करून काय मिळणार? व्यापाऱ्याची करून पुष्कळ मिळत होतं.

पिंपळपार

वाचनमात्र आणि साळुंकी, तुम्ही दोघांनी मिळून माझ्या प्रश्नाची पार चाळण केली. जमाव की शाई असं विचारण्यापेक्षा तपासणी कोणाच्या वाट्याला येते असं विचारायला हवं, असं दिसतंय. यावर सविस्तर लिहीन.

माजघर

नवीन वाचणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

पिंपळपार

तिसऱ्यापासून. पहिलं घेतलंत तर १९७० ची सुधारित आवृत्ती घ्या, आणि न_कर्ता म्हणतात तसा लर्नर शेजारी ठेवा.

खानदेशी_भरीत

तपासणीवरून एक. आमच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात, अजून बाईला डाकीण ठरवतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर निघाला तो. त्यात हा गुन्हा स्पष्ट लिहिलाय आणि पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. म्हणजे कागद या वेळी बाईच्या बाजूने आहे. पण तक्रार द्यायला तिला ज्या गावातून खाली उतरायचंय, त्याच गावाने तिला डाकीण म्हटलेलं असतं, आणि जीप चालवणारा त्याच गावचा असतो. वाचनमात्र, तो सालाझार स्वतः गावोगाव हिंडला होता ना? किती दिवस?

वाचनमात्र

दिवस नाही, महिने. मे १६११ मध्ये निघाला आणि जानेवारी १६१२ मध्ये परत आला. बरोबर दुभाषे होते, कारण त्याला बास्क येत नव्हतं.